चेंडू थांबतो तेव्हा...

मुंबईत पाऊस किती झाला, हे मिलिमीटरमध्ये सांगायला वेधशाळा आहे. आमच्या नायगाव-परळकडच्या माणसाचे माप मात्र वेगळे. ‘हिंदमाताला पाणी भरले का?’ एवढेच तो विचारतो आणि त्यावरून कामावर जायचे की नाही ते ठरवतो. एका चित्रपटगृहावरून नाव पडलेला हा परिसर बशीसारखा खोलगट आहे. चहूबाजूंचे पाणी इथे येते आणि मुक्काम करते. कापडाच्या दुकानांचे मालक शटर अर्धे ओढून पायरीवर उभे राहतात, आणि ज्यांना पाण्याचे काहीच दुःख नसते अशी एकच जमात त्यात मनसोक्त डुंबते. ती म्हणजे आमची पोरे.

गेल्या जुलैत अशाच एका रविवारी सकाळी माझ्याकडे फुटबॉल शिकायला येणारी चौदा मुले, त्यांत तीन मुली, मंडळाच्या खोलीपाशी येऊन उभी राहिली. पायात बूट आणि डोक्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या. मैदानाचे तळे झाले होते. ‘घरी जा’ म्हटले, तर एकही हलेना. शेवटी कॅरमचा बोर्ड काढला. पांढऱ्या सोंगट्या आपल्या, काळ्या समोरच्यांच्या आणि लाल राणी म्हणजे चेंडू. एका बाजूला मधोमध आगकाडीचे दोन तुकडे ठेवले, हा झाला गोल. ‘काका, आणि स्ट्रायकर?’ एकाने विचारले. म्हटले, तो इथे गोलरक्षक. यावर बरेच हसून झाले. मग राणी कोपऱ्यातल्या भोकाशी ठेवली आणि विचारले, ‘कॉर्नर मिळालाय. सांगा, कोण कुठे उभा राहणार?’

पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या पांढऱ्या सोंगट्या गोलच्या तोंडाशी जमा झाल्या. प्रत्येकाला गोल करायचा होता. मग आमच्यातला सर्वांत लहान चणीचा मुलगा पुढे आला. त्याने त्यातली एक सोंगटी उचलली आणि गोलपासून दूर, पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवली. ‘इकडे कशाला रे?’ मी विचारले. ‘तो तिकडे पळाला ना काका, की एक काळा त्याच्यामागे जाणार. मग इथे जागा होईल,’ असे म्हणून त्याने मोकळ्या झालेल्या जागेवर बोट ठेवले.

हे त्याला मी शिकवले नव्हते. खरे सांगायचे तर हे शिकवायचे असते, हे मला स्वतःलाच फार उशिरा कळले.

फुटबॉल हा आमच्या भागातला धाकट्या घरचा खेळ. थोरल्या घरी क्रिकेट आणि मातीशी नाते सांगणारी कबड्डी. तरीही या शहराने फुटबॉल भरपूर पाहिला. रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला आणि २००१ पर्यंत कूपरेजला गर्दी खेचत राहिला. मफतलाल आणि ऑर्के या गिरण्यांचे संघ होते. टाटा, महिंद्र, एअर इंडिया, आरसीएफ आणि रेल्वेचे संघ होते. चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी लागायची आणि त्यामुळे आई-बाप ‘लाथा मारून पोट भरणार का?’ असे विचारेनासे व्हायचे. मुंबईच्या मैदानांवर खेळलेल्या नेव्हिल डिसूझाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. त्याचे नाव आज वांद्र्याच्या मैदानाला आहे. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या मोडल्या, एकेक करून कंपन्यांनी खेळाकडे पाठ फिरवली. महिंद्र युनायटेडसारखा मातब्बर संघही २०१० मध्ये बंद झाला. खेळ राहिला, पण त्याच्या पाठीशी उभे राहणारे दार मिटले.

अशा ठिकाणी मुलांना फुटबॉल शिकवायचा, तर पहिला प्रश्न जागेचा. दोन चाळींच्या मधल्या पट्ट्यात पूर्ण मैदानाचा खेळ शिकवता येत नाही. लांब पास नाही, बगलेवरून धाव नाही. पण एक गोष्ट तेवढ्या जागेतही शिकवता येते, ती म्हणजे थांबलेल्या चेंडूचा खेळ. कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन, पेनल्टी. इंग्रजीत याला ‘सेट पीस’ म्हणतात. शिट्टी वाजते, धावपळ थांबते, चेंडू एका जागी ठेवला जातो आणि पुढच्या काही क्षणांत काय करायचे ते आधी ठरवून ठेवता येते. नव्वद मिनिटांच्या पळापळीत श्रीमंत अकादमीचा संघ आमच्यापेक्षा सरस ठरणार, हे मान्य. त्यांचे बूट चांगले, खुराक चांगला, सरावाला हिरवळ. पण चेंडू थांबला की दोन्ही बाजू क्षणभर सारख्या होतात. तिथे डोके चालते.

हे दुबळ्याचे समाधान नव्हे. २०१८ च्या विश्वचषकात एकूण १६९ गोल झाले. त्यांतले ७३ थांबलेल्या चेंडूतून आले, असे नंतरच्या मोजदादीत दिसले. इंग्लंडचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि त्यांच्या बारांपैकी नऊ गोल याच प्रकारचे होते. त्याच वर्षी लिव्हरपूलने डेन्मार्कच्या थॉमस ग्रोनेमार्क यांना केवळ थ्रो-इन शिकवण्यासाठी नेमले. लोक हसले. पण एका सामन्यात थ्रो-इन चाळीसच्या घरात असतात. एवढ्या वेळा हातात येणारा चेंडू वाऱ्यावर सोडायचा, तर हसण्यासारखे नेमके काय, हा प्रश्न उरतोच.

आणि दूर कशाला जा? भारताने फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत केलेला पहिला गोल आठवा. ९ ऑक्टोबर २०१७, दिल्लीचे नेहरू स्टेडियम, सतरा वर्षांखालील मुलांची स्पर्धा, समोर कोलंबिया. आपण एका गोलने मागे. ८२ व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. संजीव स्टॅलिनने तो मारला, मणिपूरच्या जीक्सन सिंगने उंच झेप घेतली आणि डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता, म्हणून आमच्या मंडळाच्या खोलीतही टीव्हीपुढे गर्दी होती. त्या गोलनंतर जो गलका झाला, तो मी विसरणार नाही. आणि त्यानंतर लगेच पसरलेली शांतताही विसरणार नाही. कारण पुढच्याच मिनिटाला, आपण अजून आनंदात असताना, कोलंबियाने दुसरा गोल केला. सामना २-१ असा हातचा गेला.

त्या दोन मिनिटांत कॉर्नरचा सगळा धडा आहे. मुलांना मी तो नेहमी सांगतो. कॉर्नर मिळणे म्हणजे गोल मिळणे नव्हे. व्यावसायिक फुटबॉलमध्येसुद्धा शंभर कॉर्नरमागे तीन-चारच गोल होतात. उरलेल्या वेळी चेंडू परत येतो आणि आपली माणसे पुढे अडकलेली असतात. म्हणून गोल करायला जाताना घर उघडे टाकायचे नाही. दोघांनी मागे थांबायचेच, आणि एकाने पेनल्टी क्षेत्राच्या कडेला उभे राहून परतणारा चेंडू उचलायचा. ही तीन कामे कुणालाच नको असतात. त्यांना टाळ्या नाहीत.

आता माझ्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी माझ्या बारा वर्षांखालच्या संघात एक मुलगा इतरांपेक्षा हातभर उंच होता. मला घबाडच मिळाल्यासारखे झाले. कॉर्नर असो, फ्री किक असो, लांब थ्रो असो, चेंडू त्याच्या डोक्यावर द्यायचा, एवढीच माझी योजना. आम्ही त्या वर्षी एक स्पर्धा जिंकलो. पाच सामन्यांत सात गोल आणि त्यांतले सहा त्याच्या डोक्याचे. गल्लीत मिरवणूक निघाली, ताशा वाजला, माझ्या गळ्यात हार पडला. मी स्वतःला मोठा प्रशिक्षक समजू लागलो.

दोन वर्षांनी बाकीची मुले उंच झाली. त्याची वाढ तेवढीच राहिली. उंची सोडली तर त्याच्याकडे काही नव्हते, कारण मी ते येऊच दिले नव्हते. चेंडू पायात आला की तो गोंधळायचा. हळूहळू तो राखीव खेळाडूंत बसू लागला आणि मग यायचाच थांबला. पुढे एकदा हिंदमाताच्या एका कापड दुकानात तो भेटला, तागे उलगडून दाखवत होता. ओळख दिली, चहा मागवला. निघताना हसत म्हणाला, ‘काका, डोकं वापर, डोकं वापर असं किती ओरडायचात तुम्ही! पण डोकं चालवायला कधी सांगितलंच नाही.’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

त्या एकाचेच नुकसान झाले असेही नाही. त्या संघातली उरलेली मुले काय शिकली? तो एकटा गोल करणार आणि आपण बघायचे, हे शिकली. कप मात्र आजही मंडळाच्या कपाटात आहे. त्यावर वर्ष कोरलेले आहे, मुलांची नावे नाहीत.

त्यानंतर मी पद्धत बदलली. दीड तासाच्या सरावात थांबलेल्या चेंडूला फक्त पंधरा मिनिटे. बाकीचा सगळा वेळ चेंडू पायात घेऊन खेळणे, कारण खेळता न येणाऱ्याला युक्त्या शिकवणे म्हणजे बाराखडी न येणाऱ्याला शुद्धलेखनाचे नियम पाठ करायला लावणे. दुसरे म्हणजे, कामे फिरती ठेवली. या आठवड्यात कॉर्नर मारणारा पुढच्या आठवड्यात मागे थांबणार. उंच मुलगाही कॉर्नर मारणार आणि बुटकाही गोलसमोर जाणार. तिसरे म्हणजे, योजना फक्त तीन. पोरांना तिनाहून जास्त लक्षात राहत नाहीत आणि मलाही राहत नाहीत.

पहिली योजना जवळच्या खांबाची. एकाने तिकडे जोरात धाव घ्यायची, चेंडू त्याच्याकडे गुडघ्याच्या उंचीने यायचा आणि त्याने तो नुसता स्पर्श करून पुढे सोडायचा. दुसरी, सगळ्यांनी गोलकडे धावायचे आणि एकाने मध्येच थबकायचे. बचाव करणारे आपल्या गोलकडे ओढले जातात, पेनल्टीच्या ठिपक्याजवळ मोकळी जागा होते आणि तिथे जमिनीवरून चेंडू मागे येतो. तिसरी, आखूड कॉर्नर. मारणाऱ्याजवळ आणखी एक जण जातो. समोरच्यांनी तिकडे एकच माणूस धाडला तर आपण दोघे, त्यांचा एक. दोन धाडले तर गोलसमोर त्यांचे दोन कमी. हे गणित मुलांना वर्गातल्या गणितापेक्षा लवकर कळते. खूण अगदी साधी, एक हात वर, दोन हात वर किंवा चेंडू पुन्हा उचलून ठेवणे.

सुरुवातीला सगळे एकामागे एक उभे राहतात. २०१८ मध्ये इंग्लंडचा संघही असाच उभा राहायचा. एका ओळीत चिकटून उभ्या असलेल्यांपैकी कुणाला धरून ठेवायचे, हे बचाव करणाऱ्याला समजत नाही. आमच्या पोरांनी या रचनेला नाव दिले, ‘बेस्टची रांग’. कारण बस येईपर्यंत रांग असते. बस आली की ज्याची वाट त्याला!

पण खरी शिकवण मिळाली ती आपल्या मातीतल्या खेळांतून. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय कोपऱ्यातला खेळाडू धरतो, नाव त्याचे होते. पण शेजाऱ्याने हाताची साखळी तुटू दिली, तर ती पकड सुटते. गोविंदा पथकाचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. हंडी फोडणाऱ्याचा फोटो छापून येतो. सगळ्यात खालच्या थरातल्याला मात्र वर काय झाले, हे गलका ऐकूनच कळते. लालबाग-परळच्या पोराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘आज तू खालच्या थरात’ असे म्हटले, की जो गोलपासून दूर पळायचा तो पळतो. आपल्या पळण्याने कुणासाठी तरी जागा झाली, हे त्याला ठाऊक असते.

यावर काही जाणकार म्हणतात, की लहान वयात हे शिकवूच नये. मुलांना मनमुराद खेळू द्या, जिंकण्याच्या क्लृप्त्या पुढे आहेतच. या आक्षेपात तथ्य आहे. माझ्या वर सांगितलेल्या पराक्रमानंतर तर मी तो नाकारूच शकत नाही. पण दोष थांबलेल्या चेंडूचा नाही, कपाच्या हव्यासाचा आहे. थांबलेल्या चेंडूपाशी मुलाला विचार करायला वेळ मिळतो. धावताना बुजणारा, मागे राहणारा मुलगा इथे पहिल्यांदा तोंड उघडतो आणि ‘काका, मी इथे उभा राहू का?’ असे विचारतो. हा प्रश्न विचारणे म्हणजेच खेळ शिकणे.

दुसरा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे, आणि तो हेडरचा आहे. स्कॉटलंडमधील माजी व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीन पट आढळले. अमेरिकेने २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारायला मनाई केली होती. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकला. आमच्याकडे मात्र पावसात भिजून दगडासारखा जड झालेला जुना चेंडू दहा वर्षांचे पोर डोक्यावर घेते आणि आम्ही ‘शाब्बास!’ म्हणतो. थरांवर चढणाऱ्या मुलांच्या वयाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. चौदा वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही, असे २०१७ मध्ये सरकारला सांगावे लागले. मग कॉर्नरखाली उभ्या असलेल्या मुलाच्या डोक्याचा विचार कोण करणार? मी आता बारा वर्षांखाली हेडर बंद केला आहे. वर सांगितलेल्या तिन्ही योजना जमिनीलगतच्या आहेत, त्या यामुळेच. गंमत अशी, की त्यामुळे बुटकी मुले खेळात आली.

हे एकट्या-दुकट्याने करून भागणार नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ पासून ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू केली, ती लहान मुलांसाठी, लहान मैदानावर आणि कमी खेळाडूंची. दिशा योग्य आहे. पण गल्लोगल्ली होणाऱ्या स्पर्धांत अजूनही दहा-बारा वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या गोलपुढे उभे केले जाते. उंच पोरगा शोधून आणणाऱ्याला कप मिळतो. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी आणि शाळांनी दोन नियम आजच करावेत. बारा वर्षांखाली हेडर नाही, आणि संघातल्या प्रत्येक मुलाने सामन्याचा ठरावीक वेळ खेळलेच पाहिजे. याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही.

आणि जागा? गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी मिळावा, असा नियम १९९१ मध्ये झाला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तीच दुरुस्ती टिकली. जिथे भोंगे वाजायचे तिथे काचेचे मनोरे आले. त्यांच्या सावलीत आमच्या पोरांना कॉर्नर मारायला तीस पावले जागा नाही. हिंदमाताचे पाणी हटावे म्हणून महापालिकेने परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली मोठी टाकी बांधली. काम गरजेचे होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण हिंदमाताच्या पाण्याला थांबायला या शहराने मैदानाखाली जागा शोधून काढली. हिंदमाताच्या मुलांना धावायला मैदानाच्या वर, आठवड्यातून दोन सकाळी, ठरलेली आणि फुकट जागा शोधणे त्याहून अवघड नसावे.

सप्टेंबरात पाऊस ओसरला आणि आमचा एक सामना झाला. दुसऱ्या डावात कॉर्नर मिळाला. मारणाऱ्याने दोन हात वर केले, बेस्टची रांग फुटली आणि तो लहान चणीचा मुलगा गोलकडे पाठ करून लांबच्या बाजूला जीव खाऊन पळाला. त्याच्यामागे एक धिप्पाड बचावपटू गेला. ठिपक्याजवळ जागा झाली, चेंडू मागे आला आणि आमच्या एका मुलीने तो सरळ जाळ्यात मारला. सगळी पोरे तिच्या अंगावर जाऊन पडली. तो मात्र तिकडेच उभा होता, एकटा. मी काही बोलणार, तेवढ्यात त्याने मैदानातूनच माझ्याकडे पाहिले आणि मोकळ्या झालेल्या त्या जागेकडे बोट दाखवले. कॅरमच्या बोर्डावर दाखवले होते, अगदी तसेच.

सामना आम्ही पुढे २-१ असा हरलो. कपाटात ठेवायला यंदा काही नाही.